वाचकांचे प्रश्न : बोर्ड दिलात, पावती कुठे आहे?

प्रश्न : वकीलसाहेब, मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं गुरुग्रामला आहे. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवायचा नाद मला कॉलेजपासून. तेव्हा तपकीर गल्लीत जायचो, आता नेहरू प्लेसला जातो. गेल्या नोव्हेंबरात तिथल्या एका दुकानातून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेतली. एकट्या बोर्डाचे 18,500 रुपये झाले. पक्कं बिल आहे, बोर्डाला तीन वर्षांची वॉरंटी आहे. पाच महिने मशीन उत्तम चाललं आणि एप्रिलमध्ये एका सकाळी सुरूच होईना. दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहिला. प्रोसेसर काढून मित्राच्या बोर्डावर लावला, तिथे चालला. म्हणजे दोष बोर्डातच.

दुकानदार म्हणाला, ‘सर्व्हिस सेंटर के चक्कर आप क्यों काटोगे, हम करवा देंगे.’ ओळखीचा माणूस, म्हणून बोर्ड खोक्यासकट ठेवून आलो. दोन महिने ‘परसों आ जाएगा’ ऐकलं. आता व्हॉट्सॲपवर निरोप आलाय की सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या आहेत, हे ‘फिजिकल डॅमेज’ आहे, वॉरंटी लागू नाही. 6,000 रुपये भरा, दुरुस्त करून देऊ. बोर्ड अजून तिकडेच आहे.

दावा दिल्लीत लावायचा की गुरुग्रामला? मनस्तापाचे दोन लाख मागता येतील का? की पैसे भरून मोकळा होऊ? ओळखीचा एक कारागीर पिना सरळ करून देतो म्हणतो. एका मित्राचं म्हणणं, तसलाच बोर्ड ऑनलाइन मागव आणि खोक्यात जुना घालून परत पाठव. घरी सगळे म्हणतात, तयार मशीन घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.
— एक वाचक, गुरुग्राम

उत्तर : सोप्या प्रश्नांची उत्तरं आधी. मित्र सांगतो ती फसवणूक आहे आणि तो गुन्हा आहे. कारागिराकडे जाऊ नका, वॉरंटी आणि पुरावा दोन्ही त्याच्या टेबलावर संपतील. 6,000 रुपये आज भरू नका.

दावा गुरुग्रामला लावता येईल. 1986 च्या जुन्या कायद्यात तुम्हाला बहुधा दिल्लीला खेटे घालावे लागले असते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम 34 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील करण्याची सक्ती नाही. दोन लाखांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाका. मनस्तापाची भरपाई मागता येते, पण साडेअठरा हजारांच्या बोर्डावर दोन लाख मागितले की मूळ तक्रारीकडेही संशयाने पाहिलं जातं.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत, त्याकडे येतो. इतक्या तपशिलाच्या पत्रात एक वाक्य कुठेच नाही : ‘पिना माझ्या हातून वाकलेल्या नाहीत.’ घरच्यांचं बोलणं तुम्हाला लागलंय, कारण मनात कुठेतरी तीच शंका तुम्हालाही आहे. ती आधी तपासू.

स्वतः जुळवणी केली म्हणून वॉरंटी जात नाही. हे भाग सुटे विकले जातात ते जोडण्यासाठीच. हल्लीच्या बोर्डांवर सॉकेटमध्ये हजाराहून जास्त बारीक पिना असतात. एएमडीच्या एएम5 सॉकेटमध्ये 1,718. बसवताना पीन वाकली तर बहुतेक वेळा त्याच दिवशी कळतं : मशीन सुरू होत नाही किंवा रॅमचा एखादा स्लॉट दिसत नाही. तुमचं मशीन पाच महिने चाललं, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

पण एप्रिलमध्ये तुम्ही प्रोसेसर काढलात. त्या क्षणापासून सॉकेट उघडं पडलं. बोर्ड खोक्यात घालण्यापूर्वी सॉकेटवर प्लॅस्टिकची टोपी पुन्हा बसवली होती का? नवा बोर्ड याच टोपीसकट येतो, आणि टोपी बसवलेली असेल तरच वॉरंटीसाठी बोर्ड घेऊ, असं काही उत्पादकांच्या माहितीपुस्तकात छापलेलंच असतं. या प्रश्नाचं उत्तर आयोगाला देण्याआधी स्वतःला खरं द्या. तुमच्या प्रकरणाची दिशा त्यावर ठरेल.

समजा टोपी बसवली होती आणि पिना सरळ होत्या. तुम्ही ते सिद्ध कशाने करणार? इथे तो सापळा येतो, ज्यात मी चांगली शहाणी, हिशेबी माणसं अडकलेली पाहिली आहेत. बिल जपून ठेवतात, वॉरंटी कार्ड फायलीला लावतात आणि नादुरुस्त वस्तू मात्र एका शब्दाचीही पावती न घेता काउंटरवर ठेवून येतात. विकत घेताना आपण सावध असतो कारण पैसे जात असतात. दुरुस्तीला देताना सावध नसतो, आणि त्या वेळी वस्तू आणि पुरावा एकदमच हातून जातात.

तुमचा बोर्ड कोणत्या हातांतून गेला पाहा. तुमच्याकडून दुकानात, दुकानातून सर्व्हिस सेंटरला, कदाचित मध्ये वितरकाकडे. त्यांच्यात आपापसात चिठ्ठी-चपाटी असेल. तुमच्याकडे काहीच नाही. पिना तुमच्या घरी वाकल्या, दुकानाच्या कपाटात, टेम्पोत की सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर? प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवेल, आणि साखळीतला सगळ्यात मागचा माणूस तुम्ही आहात. वस्तूत दोष होता हे दाखवण्याचा भार पहिल्यांदा तक्रारदारावरच असतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. दिलेल्या बोर्डाऐवजी वेगळ्या सिरियल नंबरचा बोर्ड परत आला, तर तुम्ही कोणता दिला होता ते सांगायला कागद नाही. वॉरंटीचे शेवटचे महिने उरलेले असतील तर ‘परसों’ म्हणतच ते संपतात, आणि वस्तू मुदतीत दिली होती हेही सांगता येत नाही. शिवाय तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत फोनवरच्या आश्वासनांनी वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण ‘दुकानदार उद्या म्हणत होता’ हे कारण मोठ्या भरवशाचं नाही.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर एकच सलग चित्रीकरण करा : आधी सिरियल नंबरचं स्टिकर, मग जवळून सॉकेट, मग टोपी बसवताना. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार असा पुरावा प्रमाणपत्रासह सादर करावा लागतो, तेव्हा तीच लागते. नेहरू प्लेसच्या परिसरात बऱ्याच कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आहेत, तिथे स्वतः जा. जॉब शीटवर तारीख, सिरियल नंबर, तक्रार आणि वस्तूची स्थिती हे चारही लिहिलेलं असल्याशिवाय काउंटर सोडू नका. दुकानदारामार्फतच द्यायचं असेल तर हाच मजकूर त्याच्या शिक्क्याखाली घ्या. ओळखीचा असेल तर त्याला राग येणार नाही. आला तर वस्तू परत उचला.

तुमच्या बाबतीत पावतीची वेळ गेली, पण सगळं गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप पुसू नका. बोर्ड आपल्यामार्फत गेला हे त्यात दुकानदाराने स्वतःच मान्य केलंय. आज त्याला साध्या शब्दांत लिहा : अमुक तारखेला, अमुक सिरियल नंबरचा, अमुक बिलावरचा बोर्ड मी तुमच्याकडे दिला, सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटची प्रत पाठवा, वाकलेल्या पिनांचं छायाचित्र सिरियल नंबर दिसेल असं पाठवा, बोर्ड दुरुस्त न करता आहे तसा जपून ठेवा. भांडणाची भाषा वापरू नका, आणि टोपी लावली नसेल तर लावली होती असं लिहू नका. हेच पत्र उत्पादकाच्या ग्राहक सेवेला मेल करा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन हुकूम देत नाही, पण तिच्यामार्फत विचारणा झाली की कंपन्या लेखी बोलू लागतात, आणि तुम्हाला आत्ता लेखीच हवं आहे.

सगळं त्या जॉब शीटवर आहे. वस्तू घेताना नुकसानीचा शेरा मारलेला नसेल आणि तो नंतर उगवला असेल, तर लढा. स्पीड पोस्टने नोटीस द्या आणि मग तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं की विक्रेत्याच्या चुकीची जबाबदारी उत्पादकावर आपोआप पडत नाही. एकालाच धरलंत आणि बोट दुसऱ्याकडे वळलं, तर तुमची वर्षं जातील. दोष तपासणीशिवाय ठरणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून तर तो बोर्ड आहे तसाच राहायला हवा. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

शेरा पहिल्याच दिवशी मारलेला असेल आणि टोपीही लावली नव्हती, तर मात्र दाव्याच्या मागे लागू नका. 6,000 रुपयांत काय दुरुस्त होणार, त्यावर हमी किती दिवसांची आणि उरलेली वॉरंटी चालू राहणार का, हे लेखी घ्या आणि मगच पैसे द्या.

बिलाबद्दल दोन शब्द. पक्कं बिल घेतलंत, ते उत्तम केलंत. 18 टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर भाग घेणाऱ्यांचं प्रकरण पहिल्याच पायरीवर अडतं. तुमच्या बिलावर सिरियल नंबर आहे का, ते आज पाहा. आणि कर वजा मिळतो म्हणून घरच्या मशीनचं बिल कुणाच्या फर्मच्या जीएसटी क्रमांकावर घेऊ नका. तो माल व्यापारी कामासाठी घेतला असा युक्तिवाद समोरून येतो, आणि मग तुम्ही ग्राहक आहात की नाही इथपासून वाद सुरू होतो.

घरच्यांना सांगा, तयार मशीन बिघडलं असतं आणि तेही असंच पावतीशिवाय कुणाच्या हवाली केलं असतं, तर आज हाच प्रश्न पडला असता. तुमच्या छंदात काही चुकलेलं नाही. जॉब शीटची प्रत मागणारा मेल आज रात्री पाठवा. ती हाती आली की तिच्यावरचा स्थितीचा रकाना वाचून मला कळवा.