माळावरील तरवड

महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून थोड्याच कोसांवर पूर्वेस असलेल्या माणदेशाच्या वांट्यास ५०० च्या आसपास येतो. सह्याद्री ओलांडतांना मेघांचें बहुतेक जल संपून जातें. ह्या अवर्षणाच्या पट्ट्यांत, मुरमाड माळावर व रस्त्याच्या कडेस जें पिवळ्या फुलांचें झुडूप आमचे विद्यार्थी रोज ओलांडून येतात, तें तरवड. देठाच्या बुडाशीं कानाच्या आकाराचीं दोन उपपर्णें असतात; त्यांवरूनच लिनीअसनें १७५३ सालीं ह्यास ‘कानवाला’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. सालीनें कातडीं कमावितात, आणि नवरात्रांत फुलांच्या माळा घटावर चढतात, हें पालकांस सांगावयास नको.

फूल मात्र लक्षपूर्वक पाहावें. त्यांत मध मुळींच नसतो. शिवाय परागकोश उभे उकलत नाहींत; त्यांच्या टोंकाशीं बारीक छिद्र तेवढें असतें. मोठा काळा भुंगा येऊन त्यांस कवटाळितो आणि पंख मिटूनच आपलें अंग असें थरारवितो कीं, मिठाच्या डबीतून मीठ सांडावें तसे पराग बाहेर पडतात. त्या वेळचा आवाज उडतांनाच्या गुंजारवाहून निराळा असतो. सकाळीं कान देऊन ऐकल्यास कोणासही तो ओळखतां येईल.

शेळ्यामेंढ्या ह्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणूनच कीं काय, लोक ह्यास निरुपयोगी समजतात. आम्हींही तसेंच समजत होतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मुलांकडून एका उतारावरील सारा तरवड खणविला व तेथें सावलीचीं झाडें लाविलीं. पहिल्याच उन्हाळ्यांत रोपें वाळलीं. वळवाच्या दोन सरींत मुरमावरची बोटभर माती, जी जमावयास किती वर्षें लागलीं असतील कोण जाणे, ओढ्यांत गेली. एका कोपऱ्यांत मुलें कंटाळून खणावयाचीं थांबलीं होतीं. तेथें तरवडाच्या बुंध्याशीं गाळ अडला होता, त्यांत कुसळी गवत उगवलें होतें, व गवतांत चंडोलाचें घरटें होतें. दप्तरांत अशा जमिनीस ‘पडीक’ म्हणतात!

ज्या मुलांनीं खणलें त्यांस आमची चूक आम्हीं सांगितली. नंतर त्यांच्याच धाकट्या भावंडांकडून शेंगा गोळा करविल्या, कठीण कवचाचें बी वाळूवर घांसविलें व मृगाच्या आरंभीं त्या उतारावर टोंकविलें. रोपें उगवलीं आहेत. त्यांतील सर्वांत उंच रोप अद्याप वीतभरही नाहीं.