त्यांची उचल कोणी फेडली?

वाचनासाठी : निर्गम १ ते ६ व १२, अनुवाद १५:१२-१८, लूक ४:१६-२१



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका कातकरी वाडीवर आम्ही संध्याकाळी मोशेची कथा सांगत होतो. फारोचा जुलूम, दहा पीडा, तांबडा समुद्र, सगळे सांगून झाले. चुलीजवळ बसलेली एक आजी म्हणाली, "ताई, ती माणसं सुटली ते बरं झालं. पण त्यांची उचल कोणी फेडली?"

मी ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी निर्गमाचे पुस्तक नीट अभ्यासले आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मला सुचलाही नव्हता. "पुढच्या वेळी सांगते," एवढेच मी म्हणाले. हा पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे.

१. बंधन कसे बसते

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. जंगलावरचा हक्क गेला, स्वतःची जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा आजारपण किंवा लग्न निघाले की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर सारे घर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर न्यायचे. हिशोब मालकाच्या वहीत. आठवड्याला खर्ची मिळते, तीही उचलीत मांडली जाते. हंगाम संपतो, पण उचल संपत नाही.

हे आजचेच नाही. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी कर्ज काढून सावकाराच्या दारी आयुष्यभर राबणाऱ्या वारल्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते जग मांडले आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. त्यांना संघटित करणारे शामराव आणि गोदावरी परुळेकर कम्युनिस्ट होते. पण देवाने आपल्या लोकांना बाबेलातून सोडवण्यासाठी त्याला न ओळखणाऱ्या कोरेश राजालाही वापरले, हे यशया ४५ मध्ये आपण वाचतोच.

आता निर्गम उघडा. इस्राएल लोक मिसरात पाहुणे म्हणून आले होते. योसेफाला न ओळखणारा राजा आला आणि त्यांच्यावर मुकादम नेमले गेले. मराठी बायबलातला हा शब्द भट्टीवर आजही रोज ऐकू येतो. त्यांचे कामही चिखलाचे आणि विटांचे. पाचव्या अध्यायात फारो गवत देणे बंद करतो, पण विटांची संख्या कमी करत नाही. अवकाळी पावसाने कच्च्या विटा भिजल्या की भट्टीवर काय होते, हे पाहिलेल्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. नुकसान बहुधा मजुराच्याच माथी बसते.

२. फारोला काही देणे नव्हते

काही वर्षांपूर्वी मी एक चूक केली. एका कुटुंबाची उचल फेडण्यासाठी मी ओळखीच्या विश्वासणाऱ्यांकडून पैसे गोळा केले आणि मालकाला नेऊन दिले. त्याने शांतपणे मोजून घेतले. "एक कुटुंब सोडवले," असे मी मंडळीत आनंदाने सांगितले, आणि सर्वांनी देवाचे आभार मानले. पुढच्या दिवाळीनंतर तेच कुटुंब नवी उचल घेऊन त्याच भट्टीवर गेले.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा असून तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला आहे. वेठबिगारीचे कर्ज या कायद्याने संपुष्टात आले. ते फेडण्याची जबाबदारी उरलेली नाही, आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. म्हणजे जे देणे कायद्याने पुसले होते, ते मी देवाच्या नावाने फेडले होते. त्या माणसांवर मालकाचा हक्क आहे, हे मी कबूल करून आले होते.

मोशे फारोकडे थैली घेऊन गेला नाही. इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र आहे, त्याला जाऊ दे, असे देवाने सांगायला लावले (४:२२-२३). निर्गम ६:६ मध्ये सोडवण्यासाठी जे इब्री क्रियापद आहे, तेच जवळच्या नातलगाने आपल्या माणसाला सोडवण्यासाठी वापरतात. लेवीय २५ मधला नातलग मोल भरून सोडवतो. फारोला मात्र देव काहीच देत नाही, कारण त्याचा हक्क मुळातच खोटा होता.

मग मोल नव्हते का? होते. वल्हांडणाच्या रात्री दारोदारी कोकरू कापले गेले. प्रभू येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला (मार्क १०:४५), आणि पौल त्यालाच आपले वल्हांडणाचे कोकरू म्हणतो (१ करिंथ ५:७). ही खंडणी सैतानाला दिली गेली, असे प्राचीन मंडळीत काहीजण मानत. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला ठाम नकार दिला; लुटारूला मोल मिळावे ही कल्पनाच त्याला असह्य होती. सुटकेची किंमत देवाने स्वतः सोसली, पण पापाचा आपल्यावर हक्क आहे असे कधी मानले नाही. म्हणून जुनी सवय, जुना दोष किंवा जुनी भीती "तू माझा देणेकरी" म्हणत दारात आली, तर विश्वासणाऱ्याने तिचा हिशोब मान्य करू नये (रोम ६:१४).

३. रिकाम्या हाताने नाही

पुढच्या भेटीत मी आजीला सांगितले, "त्यांची उचल कोणी फेडली नाही. ती फेडायची नव्हतीच." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन वाटेत खाल्लं काय?"

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कठीण आहे. रानात पोचताच इस्राएल लोकांना मिसरातली मांसाची भांडी आठवली, तिथले फुकटचे मासे आठवले (गणना ११:५). मासळीशिवाय जेवण न जाणारे आपण त्यांना हसू नये. उपाशी माणसाला दास्यही बरे वाटते, हे देवाला ठाऊक होते. म्हणून त्याने रोजचा मान्ना दिला. पुढे नियमशास्त्रात त्याने आज्ञा केली, की दासाला मोकळे करताना कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले भरपूर द्या, त्याला रिकामे पाठवू नका. कारण तुम्हीही मिसरात दास होता (अनुवाद १५).

सरकारच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या पुरुष मजुराला एक लाख, तर स्त्रिया व मुलांना दोन लाख रुपये पुनर्वसनासाठी ठरवले आहेत. पण त्यासाठी आधी मुक्तता प्रमाणपत्र लागते, तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. म्हणून आता आम्ही दानातून कोणाची उचल फेडत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य, दाखल्यांसाठीचा प्रवास आणि आईबाप भट्टीवर गेले तरी मुले शाळेत राहावीत याची सोय, यांवर पैसा खर्च होतो. याचे छायाचित्र चांगले येत नाही, याची मला कल्पना आहे.

आजीचा मोठा मुलगा यंदाही उचल घेऊन गेला. धाकटा थांबला आहे.

मनन व चर्चेसाठी

१. माझ्या जीवनात कोणता 'फारो' अजून हिशोब मागतो आहे? त्याचा हक्क मी का मानतो?
२. माझ्या घरी, बागेत किंवा होडीवर काम करणाऱ्याच्या अंगावर मी दिलेले पैसे आहेत का? ते फिटेपर्यंत दुसरीकडे जायला तो मोकळा आहे का?
३. वाडीतून सुटून आलेल्या कुटुंबासाठी आपली मंडळी कोणता 'मान्ना' देऊ शकेल?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमचे मोल स्वतः सोसलेस. ज्यांना माणसांनी विकत घेतले आहे, त्यांना तुझी लेकरे म्हणून ओळखायला आम्हांला शिकव, आणि त्यांच्यासोबत रानातून चालायला धीर दे. आमेन.