गर्भिणीची श्रोणिवेदना : सांध्याचे दुखणे आणि आवी यांतील विवेक

गर्भिणीला आठवा महिना लागला, की जांघेत कळ येणे, कूस बदलताना माकडहाडाच्या वरच्या बाजूस चमक भरणे, जिना चढताना पाय जड होणे अशा तक्रारी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात अशी स्त्री पुष्कळदा स्वतः वैद्याकडे येत नाही. घरातील कोणीतरी औषधाच्या दुकानात येते आणि ‘कंबरेसाठी काहीतरी द्या’ असे म्हणून गोळी किंवा तेल घेऊन जाते. म्हणून प्रस्तुत विषय चिकित्सकांइतकाच औषधविक्रेत्या बंधुभगिनींचाही आहे.

या तक्रारीकडे दोन प्रकारे पाहिले जाते आणि दोन्ही प्रकार घातक आहेत. ‘गरोदरपणात असे व्हायचेच’ असे म्हणून वेदना दुर्लक्षिली जाते. परिणामी स्त्री शेवटचे दोन महिने चालण्यास व झोपण्यास महाग होते. याउलट, प्रत्येक श्रोणिशूल ‘वाताचा’ समजून लगेच वातघ्न औषधी दिली जाते. त्यात अकाली सुरू झालेली प्रसूती किंवा आतील रक्तस्राव नजरेतून सुटण्याचा संभव असतो. दुखणे सांध्याचे आहे की गर्भाशयाचे, याचा निर्णय औषधाच्या आधी झाला पाहिजे, एवढेच आमचे मुख्य प्रतिपादन आहे.

शास्त्रातील आधार

कटी, बस्ती, वंक्षण व ऊरू हे अपानवायूचे क्षेत्र. वाढत्या गर्भाचा भार याच क्षेत्रावर पडतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात आसन्नप्रसवेची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत कुक्षी शिथिल होणे आणि जघनप्रदेशी शूल असणे यांचा एकत्र उल्लेख आहे. प्रसव उपस्थित झाला असता कटी व पृष्ठ यांच्या सभोवती वेदना, वारंवार मलप्रवृत्ती, मूत्रस्राव व योनिमुखातून श्लेष्मस्राव ही लक्षणे तेथेच सांगितली आहेत. म्हणजे श्रोणिशूल हे प्रसवाचेही लक्षण आहे, हे आचार्यांनी स्पष्ट केलेले आहे. अशा शूलाची गाठ काळाशी व सहलक्षणांशी घातल्यावाचून त्याला नुसता ‘वात’ म्हणणे शास्त्रसंमत नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची तुलना काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राशी केली आहे. ते पात्र न हिंदकळता न्यावे तसा तिचा उपचार मृदू असावा, असा त्याचा आशय आहे. पुढील सर्व विवेचन याच सूत्राला धरून आहे.

आधुनिक दृष्टी

श्रोणीची अस्थिमंडले पुढे जघनसंधीत आणि मागे त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंच्या संधींत जोडलेली आहेत. गर्भावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने तेथील स्नायुबंध सैल होतात. शरीराचा तोल पुढे सरकतो आणि पोटाचे स्नायू ताणले जातात. जघनसंधीतील अंतर एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, ते गर्भावस्थेत आणखी २ ते ३ मिलिमीटर वाढणे स्वाभाविक आहे. अंतर १० मिलिमीटरच्या पुढे गेल्यास संधी विलग झाल्याची शंका घ्यावी. तथापि अंतर आणि वेदना यांचे प्रमाण सारखे नसते. सुमारे पाचांपैकी एका गर्भिणीला या प्रकारची वेदना होते. ती गर्भाला अपायकारक नाही, हे स्त्रीला स्वच्छ शब्दांत सांगणे हाच पहिला उपचार होय. भीतीने आखडलेले शरीर अधिक दुखते.

विवेक कसा करावा

प्रथम गर्भाचे वय आठवड्यांत विचारावे. आपल्याकडे ‘नववा लागला’ असे कौतुकाने सांगितले जाते. पण आठ महिने पुरे होऊन नववा लागला, तेव्हा सुमारे ३५ आठवडेच झालेले असतात. ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती ही अकालप्रसूती होय. म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड पाहिल्याशिवाय केवळ महिन्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

त्यानंतर दुखण्याची जागा एका बोटाने दाखविण्यास सांगावे. सांध्याचे दुखणे बहुधा जांघेच्या मध्यभागी किंवा नितंबाच्या वरच्या कडेस नेमके दाखविता येते. ते हालचालीशी बांधलेले असते: कूस बदलणे, एका पायावर उभे राहून परकर घालणे, जिना चढणे, रिक्षातून उतरणे. स्वस्थ पडल्यावर ते ओसरते. गर्भाशयाचे दुखणे मात्र लाटेसारखे येते व जाते, हालचाल नसतानाही येते आणि त्या वेळी पोट दगडासारखे कडक होते. वैद्याने पोटावर तळहात ठेवून किमान दहा मिनिटे घड्याळ पाहत बसावे. हे दहा मिनिटांचे काम कोणत्याही यंत्राविना होते.

दोन परीक्षा चिकित्सालयात सहज करता येतात. पहिलीत स्त्रीला उताणे झोपवून पाय सरळ ठेवून एकेक पाय सुमारे २० सेंटिमीटर उचलण्यास सांगावे. पाय उचलणे कठीण जात असेल आणि दोन्ही बाजूंनी श्रोणी हातांनी दाबून धरल्यावर ते सोपे होत असेल, तर दुखणे श्रोणिसंधीचे असण्याची शक्यता बळावते व पट्ट्याचा उपयोग होईल असे समजावे. दुसरीत मांडी काटकोनात दुमडून गुडघ्यावरून खाली हलका दाब द्यावा. नितंबाच्या खोल भागी ओळखीची कळ उमटल्यास मागील संधी दूषित समजावी. उत्तर गर्भावस्थेत स्त्रीला फार वेळ उताणे ठेवू नये. परीक्षा आटोपताच डाव्या कुशीवर वळवावे.

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास औषध न देता तत्काळ शासकीय स्त्री रुग्णालयात किंवा प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवावे: योनिमार्गे रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, ३७ आठवड्यांपूर्वी नियमित अंतराने येणाऱ्या कळा, पोट सतत कडक व दुखरे असणे, गर्भाची हालचाल मंदावणे, ताप किंवा लघवीची जळजळ, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, गुदयोनीभोवती बधिरता किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे. अशा वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस दूरध्वनी करणे हेच आपले त्या रुग्णाविषयीचे पूर्ण कर्तव्य आहे.

आपल्या भागातील हेतू

चरकाचार्यांनी गर्भोपघातकर भावांत उकिडवे, विषम व कठीण आसन सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी यानारोहणाचा उल्लेख केला आहे. आपल्या जिल्ह्यांत हे हेतू ग्रंथात शोधावे लागत नाहीत. भोकर-किनवटकडे वाकून कापूस वेचणे, लातूर-औसा भागात सोयाबीनची काढणी, उकिडवे बसून धुणीभांडी, कडेवर थोरले मूल, खड्ड्यांच्या रस्त्याने दुचाकीवर माहेरी जाणे हे सारे श्रोणीवर एकांगी भार टाकते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. टंचाईच्या दिवसांत एका कुशीवर घागर घेऊन अर्धा कोस चालणाऱ्या गर्भिणीस ‘विश्रांती घ्या’ एवढेच सांगणे निरर्थक आहे. घागरीऐवजी दोन हातांत दोन लहान कळशा, जास्त खेपा आणि घरातील दुसऱ्याची मदत, असे ठोस सांगावे. आणि ते सासू व पती यांच्या समक्ष सांगावे.

आहाराचाही विचार आवश्यक आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या व कॅल्शियमच्या दीर्घ अभावाने अस्थी मृदू होऊन श्रोणी दुखते. अशी स्त्री बदकासारखी डुलत चालते. शासकीय धोरणानुसार चौदाव्या आठवड्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या ती घेते का, हे विचारावे. लोहाची गोळी व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. तेथील जुनाट कंबरदुखीत पाण्याचीही चौकशी करावी.

चिकित्सा

सांध्याचे दुखणे निश्चित झाल्यावर पुढील क्रम आम्ही सुचवितो.

हालचाल : कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून सर्व शरीर एकत्र वळवावे. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. कपडे बसून घालावेत. जिना एकेक पायरीने, बरा पाय पुढे ठेवून चढावा. जमिनीऐवजी पाट किंवा खुर्ची वापरावी. पूर्ण खाटेवर पडून राहू नये. वेदनेच्या मर्यादेत थोडे चालणे हितकर आहे. शक्य असेल तेथे भौतिकोपचारतज्ज्ञाकडून श्रोणीचे व्यायाम शिकवावेत.

पट्टा : श्रोणिपट्टा पोटाच्या खाली, नितंबांना वळसा घालून बांधावयाचा असतो. बाळंतपणानंतरचा पोटपट्टा ही निराळी वस्तू आहे. गर्भिणीला तो देऊ नये. पट्टा चालताना बांधावा व झोपताना सोडावा.

अभ्यंग : कोमट तीळतेल किंवा बलातेल कटी, नितंब व मांड्यांवर हलक्या हाताने लावावे. पोट चोळू नये, सांधे ‘बसविण्याचा’ प्रयत्न करू नये. चरकाचार्यांनी गर्भिणीची गणना स्वेदास अयोग्य व्यक्तींत केली आहे. म्हणून नाडीस्वेद, पेटीस्वेद टाळावेत. कोमट कापडाचा अल्प शेक केवळ कंबरेस पुरे.

मासानुमासिक उपक्रम : आठव्या महिन्यात चरकोक्त तूप घातलेली क्षीरयवागू घरोघरी करता येते आणि मलावरोध कमी झाल्याने श्रोणीवरील ताणही कमी होतो. सुश्रुतोक्त आस्थापन बस्ती बोराचा क्वाथ, बला, अतिबला, शतपुष्पा, दूध, मस्तू, तेल इत्यादींनी सांगितला असून साचलेल्या मलाची शुद्धी व वातानुलोमन हे त्याचे प्रयोजन आहे. नवव्या महिन्यात मधुरौषधिसिद्ध तेलाचा अनुवासन व योनिपिचू चरकाने सांगितला. त्याने कुक्षी, कटी, पार्श्व व पृष्ठ मृदू होतात, असे फलही दिले आहे. परंतु हे उपक्रम घरी किंवा दुकानातून करावयाचे नव्हेत. वार खाली असणे, रक्तस्राव, पूर्वीची अकालप्रसूती, पाणमोट फुटणे यांपैकी काही नाही याची सोनोग्राफी व प्रसूतितज्ज्ञाच्या मताने खात्री करून, स्वच्छतेची पूर्ण काळजी घेऊन, अनुभवी वैद्यानेच ते योजावेत.

औषधविक्रेत्यांनी काय देऊ नये

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या गर्भिणीसाठी मागितल्यास देऊ नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये या वर्गाविषयी विसाव्या आठवड्यानंतर सावधगिरीचा इशारा दिला. गर्भाच्या वृक्कांवर परिणाम होऊन गर्भोदक कमी होऊ शकते. तिसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी अकाली बंद होण्याचाही धोका असतो. तज्ज्ञाने लिहून दिलेली अल्पमात्रेतील ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. गरज पडल्यास पॅरासिटामॉल, तेही चिकित्सकाच्या सल्ल्याने.

आपल्याच फळीवरील औषधांबाबतही तितकीच दक्षता हवी. गुग्गुळाचे कल्प, एरंडतेल, जयपाळयुक्त रेचके आणि रसौषधी गर्भिणीस देऊ नयेत. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतात तयार झालेल्या आयुर्वेदीय औषधांमुळे सहा गर्भवतींना शिशाची विषबाधा झाल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या बातमीने आपल्या शास्त्राच्या लौकिकास जो धक्का बसला, तो कोणत्याही टीकाकाराला देता आला नसता. गंधपुरा तेल व कापूर असलेले उग्र मलम मोठ्या भागावर वारंवार लावण्यासही देऊ नये.

प्रसूती व त्यानंतर

केवळ श्रोणिवेदना हे शस्त्रक्रियेचे कारण नव्हे. बहुतेकींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होते. प्रसूतीपूर्वी वेदना न होता गुडघे किती दूर जातात हे मोजून चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रसूतिगृहात पाय त्याहून अधिक ताणू नयेत. शक्य तेथे कुशीवरील स्थिती सुचवावी. बहुतेक स्त्रियांची वेदना बाळंतपणानंतर काही आठवड्यांत निवळते. तीन महिन्यांनंतरही ती राहिल्यास ‘बाळंतवात’ म्हणून सोडून न देता पुन्हा तपासणी करावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय केंद्रांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. प्रत्येक दुकानदाराने ही तारीख काउंटरवर ठळक अक्षरांत लावावी, आणि कंबरेचे तेल मागणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कितवा आठवडा, पोट कडक होते का, अंगावरून काही जाते का. या तीन प्रश्नांना अर्धे मिनिट लागते. तेलाची बाटली त्यानंतर द्यावयाची की रुग्णवाहिका बोलवावयाची, हे त्या उत्तरांवर ठरेल.