हक्काचे पैसे आणि अनोळखी लिंक

अगं, परवा तू विचारलंस, "ताई, ई-केवायसीची लिंक आलीय, भरून टाकू का?" तेव्हा मी नुसतं "थांब" म्हणाले. आज निवांत सांगते, कारण चाकूरसारख्या गावात बसून तुला वाटतं की असली फसवणूक पुण्या-मुंबईच्या नोकरदारांची होते. तसं आता राहिलेलं नाही, माय. आपल्याकडे लोक कुठल्या पैशाची वाट बघतात, हे त्या भामट्यांना पक्कं ठाऊक आहे. लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, आपल्या अण्णांचा पीएम किसानचा २००० चा हप्ता, अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा. त्याच पैशाच्या नावाने मेसेज येतो. म्हणून फसणाऱ्या बाईला कुणी हावरट म्हटलं की मला राग येतो. तिला भीती असते ती हक्काचे पैसे अडकण्याची. "आज रात्री बारापर्यंत भरा, नाहीतर नाव कटेल" असं वाचलं की कुणाचाही हात घाई करतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि पाठोपाठ हुबेहूब तशाच दिसणाऱ्या बनावट वेबसाइट निघाल्या. तेच फोटो, तेच रंग, तीच मराठी. चित्रावरून काही कळत नाही, कळतं ते वरच्या पत्त्यावरून. सुरुवातीला 'https://' असेल तर ते सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांब आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघ. सरकारी साइट असेल तर तिथे बहुतेक वेळा 'जीओव्ही डॉट इन' असतं. मधेच कुठेतरी 'जीओव्ही' आहे, पण शेवट 'डॉट कॉम' किंवा 'डॉट एक्सवायझेड' आहे, तर ती सरकारची नाही. बँकांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. तरीही आलेल्या लिंकवर जाऊच नकोस. पत्ता स्वतः टाईप कर, नाहीतर सरळ सेतू केंद्रावर जा.

आता तू म्हणशील, खऱ्या ई-केवायसीलाही ओटीपी लागतोच की! लागतो, पण तो आधारचा. म्हणून ओटीपीचा मेसेज आला की नुसते आकडे बघू नकोस, सगळा वाच. हा आकडा कशासाठी आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं. खात्यातून रक्कम जाणार असेल तर तसा उल्लेख असतो. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "अनुदान जमा करतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून दे. साहेब असो नाहीतर मॅनेजर, त्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नकोस.

मला जास्त धास्ती आहे ती व्हॉट्सॲपवरच्या फायलींची. 'पीएम किसान', 'ई-चलान', लग्नपत्रिका अशी नावं असतात आणि शेवटी एपीके. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. एकदा उघडून 'परवानगी द्या' दाबलं की ते तुझे मेसेज वाचतं आणि ओटीपी परस्पर पळवतं. पुढे तुझ्याच नंबरवरून तीच फाईल सगळ्या भावकीच्या ग्रुपवर जाते. म्हणून मामाच्या नावाने आली तरी आधी मामाला फोन लाव. चुकून उघडलीच, तर आधी नेट बंद कर आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नकोस, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागे असतो, तोच घे.

आणि कधी पैसे गेलेच, तर रडत बसू नकोस, लपवू तर मुळीच नकोस. भाऊजी काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, या विचारात बायका दोन-दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरून कुठेतरी एटीएममधून निघून जातो. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० लाव. ज्या खात्यात रक्कम गेली तिथेच ती रोखून धरायची सोय आहे, पण पैसा तिथे शिल्लक असेल तरच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की पिन-ओटीपी आपण स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. कळवलंस की तक्रारीचा नंबर लिहून घे, मग चाकूर पोलीस ठाण्यात जा, भाऊजींना बरोबर घेऊन.

रविवारी माहेरी जाशील तेव्हा अण्णांच्या फोनमधून ओळख नसलेली ॲपं काढून टाक आणि १९३० त्यांच्या डायरीत मोठ्या अक्षरात लिही. सोयाबीनचे पैसे जमा झालेत त्यांचे.