स्टेज आधी डोक्यात, मग मैदानात

आयपीएससी पिस्तूल नेमबाजीत लाँग कोर्सला जास्तीत जास्त 32 गोळ्या लागतात. टार्गेट भिंतीआड, नेम धावता धावता. दोन गोळ्यांचं एक कागदी टार्गेट विसरलात, तर मिळू शकणारे 10 गुण गेले. वर दोन मिसचे 20 आणि गोळीच न झाडल्याचे 10 कापले. 40 चा फटका!

म्हणून वॉकथ्रूमध्ये आधी टार्गेट मोजा. कुठून कोणतं दिसतं, मॅगझिन कुठे बदलायचं, ते ठरवा. मग डोळे मिटून अख्खी स्टेज चालवा. अडखळलात? पुन्हा पहिल्यापासून. आयत्या वेळी प्लॅन बदलू नका.

एका दिवाळीत मी माल शोधत बसलो, गिऱ्हाईक निघून गेलं. आता आदल्या रात्री शटर पाडून मीही डोळे मिटतो. करून बघा!