बंबाच्या खर्चाची कैफियत

चंदीगडच्या नकाशात सेक्टर 67 नाही. तो मोहालीत, म्हणजे पंजाब राज्यात आहे. तथापि येथे राहणारे बहुतेक जण पत्ता लिहिताना, प्रतिष्ठेच्या हव्यासापायी म्हणा किंवा निव्वळ सवयीने म्हणा, अखेरीस ‘चंदीगड’ असेच लिहितात, आणि टपालखाते ते पत्र बिनतक्रार पोचवते. केंद्रशासित चंदीगड, पंजाबचे मोहाली आणि हरियाणाचे पंचकुला ही शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की रस्ता ओलांडताना राज्य बदलले, हे पादचाऱ्यास कळतही नाही. साताऱ्याहून नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थायिक झालेल्या मला या सरमिसळीचे कौतुकच वाटे. परंतु एका जून महिन्यात, भर दुपारच्या लूमध्ये, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील मीटरखोलीतून धूर येऊ लागला आणि शेजारच्या सरदारजींनी फोनवर ‘चंदीगड, सेक्टर 67’ असा पत्ता सांगितला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला तो हा, की जागा चंदीगडात की मोहालीत?

बंब वेळेत आला आणि प्राणहानी झाली नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. सांगण्यासारखे आहे ते बंब येईपर्यंतच्या मधल्या काळातले. जिन्याशेजारी भिंतीत लाल रंगाची पेटी होती. तिची काच फोडून चौकीदाराने पाइप ओढला, तो घड्यांवर तडकलेला निघाला. त्याच्या टोकाचे पितळी नोझल कोणीतरी केव्हाच मोडीत घातलेले होते आणि त्या जागी माळ्याची खुरपी व सुतळीचा गुंडा व्यवस्थित ठेवलेला होता. हायड्रंटचा व्हॉल्व्ह फिरवला, तर पाण्याऐवजी नुसती हवा सुटली, कारण नळात दाब राखणारा जॉकी पंप बिघडून पडला होता आणि त्याच्या दुरुस्तीची रक्कम सोसायटीच्या अंदाजपत्रकातून मासिक वर्गणी वाढू नये म्हणून वगळण्यात आली होती. अखेर वाळूच्या बादल्यांवर आणि मेन स्विच पाडण्याच्या प्रसंगावधानावर निभावले. पुढे विमा कंपनीचा सर्वेक्षक आला, त्याने अग्निसुरक्षेचा दाखला आणि पंपाच्या देखभालीचे दप्तर मागितले. तेव्हा कार्यकारिणीच्या सभेत जी शांतता पसरली, ती पूर्वी कोणत्याही ठरावावर पसरलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर बंबाच्या या सेवेचा पैसा येतो कोठून, याचा मी सावकाश शोध घेतला. अग्निशमनाची सेवा संकटाच्या घटकेस कोणाकडेही मोल मागत नाही, म्हणून तिला मोलच नाही, असा आपला समज होतो. वास्तविक तिचा सारा पैसा आग लागण्यापूर्वीच गोळा झालेला असावा लागतो. लंडनमध्ये पूर्वी विमा कंपन्यांची स्वतःची दले असत. 1865 च्या कायद्याने तेथे सार्वजनिक दल स्थापन झाले आणि त्याचा भार स्थानिक कर, सरकार व विमा कंपन्या यांच्यात वाटला गेला. मुंबईचे दल आधी पोलिसांच्या ताब्यात होते, ते 1887 साली नगरपालिकेकडे आले. आणि मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात सर्वसाधारण करात या दलाच्या खर्चापुरती वेगळी भर घालण्याची तरतूद आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट होऊन ज्या 66 अग्निशामकांनी देह ठेवला, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. त्या दिवशी पुष्पचक्रे वाहणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या घरपट्टीच्या बिलातील अग्निशमनाची ओळ वाचलेली असेल, याविषयी मी साशंक आहे.

घटनेच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत घातलेली आहे. पण विषय सोपवला म्हणून तिजोरी भरत नाही. ही उणीव ध्यानी घेऊन पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5000 कोटी रुपयांची योजना आखली, आणि बहुतेक राज्यांनी आपल्या प्रकल्पखर्चाचा चौथा हिस्सा स्वतः उचलावा, अशी अट घातली. त्या पैशातून ठाणी उभी राहतील, शिड्या व बंब येतील. आमच्या जिन्याशेजारच्या पेटीतले नोझल मात्र त्यातून येणार नाही. ते आमच्याच वर्गणीतून यावयाचे आहे, आणि ओढाताण झाली की पहिली कात्री तेथेच लागते.

वर्गणीचा अतिरेक कोठवर जातो, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 2010 साली शहराच्या हद्दीबाहेरचे एक घर जळत असता, मालकाने वर्षाचे 75 डॉलर भरलेले नव्हते म्हणून शहराचे दल आधी आलेच नाही; वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याच्या शेताकडे ज्वाळा वळल्या तेव्हा ते आले, शेजाऱ्याची मालमत्ता वाचवली आणि जळणारे घर नुसते पाहत उभे राहिले. शेजाऱ्याच्या घरातली ठिणगी कोणाची पावती तपासून उडत नाही. म्हणून ही सेवा कराच्या पैशावर चालावी, हेच मला न्याय्य वाटते. आपल्याकडे, काहीही म्हणा, हद्दीचा प्रश्न फोनवर विचारला जातो, पण पावती मागितली जात नाही.

माझ्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींना, आणि पुण्या-मुंबईतल्यांनाही, माझे सांगणे असे, की आपली इमारत नेमक्या कोणत्या अग्निशमन ठाण्याच्या हद्दीत येते हे आजच विचारून घ्यावे आणि तो पत्ता, हद्दीच्या नावासह, चौकीदाराच्या खोलीत ठळक अक्षरांत लावावा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अधिनियमान्वये आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. ते सोसायटीच्या दप्तरात आहे की नाही, हे पाहण्याचा तुम्हांस हक्क आहे. पंजाबने 2024 साली नवा कायदा करून दाखल्याची मुदत वाढवली, ती सोय खरी. पण दाखल्याची मुदत वाढली म्हणून पाइपाचे आयुष्य वाढत नाही, हे आमच्या कार्यकारिणीस मी लेखी कळवले आहे. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात अग्निसुरक्षेची रक्कम ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदरात दडपू देऊ नये. तिचे खाते स्वतंत्र असावे आणि त्यातून रंगरंगोटीकडे एक पैसाही वळवला जाऊ नये. पुढील वार्षिक सभेत चहा येण्यापूर्वी सर्वांनी खाली उतरून पंप आपल्या डोळ्यांदेखत चालू करण्याचा आग्रह धरावा, आणि पाणी सर्वांत वरच्या मजल्यावर पोचल्याशिवाय हिशेबास मंजुरी देऊ नये.