ढोल वाजवा, पण कान जपा

गेल्या वर्षी विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी पौडकडचा एक २२ वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. "डॉक्टर, उजव्या कानात सारखी शिट्टी वाजतेय. आईनं लसणाचं तेल घातलं, तरी थांबेना." मुलगा ढोलपथकात ताशा वाजवणारा, शिवाय लष्करभरतीची तयारी करणारा. पुण्यास पाठवून श्रवणचाचणी केली. उंच पट्टीचे आवाज त्याला कमी ऐकू येऊ लागले होते.

असे का होते? आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. जोराच्या पावसात भात थोडा कलला तर पुन्हा उभा राहतो. मोडला तर नाही. या पेशींचेही तसेच आहे. मिरवणुकीनंतर कान बधिर होतात व एक-दोन दिवसांत मोकळे होतात, ते कललेले पीक. पण मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर १०० च्या वर आवाज अनेकदा मोजला गेला आहे. शिवाय पथकाचा सराव आधी दीड-दोन महिने रोज चालतो. तेव्हा खरा धोका एका मिरवणुकीचा नसून या सरावाचा आहे.

जपानमध्ये 'गिटार वुल्फ' नावाचा प्रचंड आवाजासाठी प्रसिद्ध बँड आहे. त्यांच्या १९९९ च्या 'जेट जनरेशन' या अल्बमवर इशारा छापला होता, की याने तुमचा स्टिरिओ बिघडू शकेल. स्टिरिओ दुरुस्त होतो. कान होत नाही.

पथकातील मुलांनी एवढे करावे :

१) सरावातही कानात स्पंजचे बोळे घालावेत. ते औषधाच्या दुकानात मिळतात. साध्या कापसाचा फारसा उपयोग नाही.

२) सराव मोकळ्या मैदानात करावा, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भिंतीलगत नको.

३) अधूनमधून वादकांना आवाजापासून दूर विश्रांती द्यावी. ताशावाल्यांना विशेष.

४) तान्ह्या बाळांना पथकाजवळ नेऊ नये.

५) कानात तेल घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची आशा असते.

त्या मुलाचे ऐकणे बरेचसे सुधारले, शिट्टी मात्र पूर्ण गेली नाही. रात्री घर निजले की त्याला ती ऐकू येते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही पाहतात, याची त्याला काळजी आहे. यंदाही तो ताशा वाजवणार आहे, पण कानात बोळे घालून. मुळशी-मावळची पथके ही आपली शान आहे. ती टिकवायची तर वाजवणाऱ्यांचे कानही टिकले पाहिजेत.